प्रोपेन सिलिंडर: तीन किलो गॅस शिल्लक, तरी बर्नर मंद. का?

शंकासुर

व्यवस्था अशी आहे: १० किलोचा उभा प्रोपेन सिलिंडर, त्यावर ३७ मिलिबारचं रेग्युलेटर, दीड मीटर नळी आणि १० किलोवॅटचा एकच मोठा बर्नर. सगळं उघड्यावर, हवेचं तापमान १० ते १५ अंश. सिलिंडर भरलेला असताना दोन-तीन तास सलग चालतो, काही तक्रार नाही. एक तृतीयांशाच्या खाली गेला की तासाभरात ज्योत आखडते आणि सिलिंडरच्या तळाकडे पांढरा बर्फाचा थर धरतो. वजन करून पाहिलं तर आत तीन किलो गॅस असतोच. दोन-तीन तास बंद ठेवून पुन्हा पेटवला की नीट चालतो.

१. हे रेग्युलेटरचं दुखणं आहे की सिलिंडरचं?
२. सिलिंडरला घोंगडं गुंडाळलं किंवा गरम पाणी ओतलं तर चालेल का?
३. याच सिलिंडरवर पुढे २ किलोवॅटचा जनरेटर आणि खोलीतला हीटर चालवायचा विचार आहे. जमेल का?

---

वाफारा

दुखणं सिलिंडरचंच, पण त्याला बिघाड म्हणता येणार नाही. सिलिंडरमध्ये गॅस भरलेला नसतो, द्रव भरलेला असतो. बर्नरकडे जाते ती त्या द्रवाची वाफ. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती येते फक्त बाहेरच्या हवेतून, सिलिंडरच्या पत्र्यामधून. चुलीवर न ठेवलेला बॉयलरच म्हणा.

तुमचेच आकडे घेऊ. एक किलो प्रोपेन जळला की साधारण १२.९ किलोवॅट-तास उष्णता मिळते. म्हणजे १० किलोवॅटचा बर्नर पूर्ण उघडला तर ताशी सुमारे ०.७८ किलो. एक किलो द्रवाची वाफ करायला ०° च्या आसपास ३७५ किलोज्यूल लागतात. हिशेब केला तर सिलिंडरने हवेतून सतत ८० वॉट ओढायला हवेत.

आता ओढण्यासाठी जागा किती? उष्णता कामाची येते ती जिथे आतून द्रव टेकलेला आहे त्या पत्र्यातून. वरचा, वाफेचा भाग जवळपास निरुपयोगी. ३० सेंटिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये १० किलो द्रव असेल तर तळ धरून ओला पत्रा ०.३३ चौरस मीटर भरतो. ३ किलो उरले की ०.१५. शांत हवेत पत्र्याला दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकामागे ढोबळ १० वॉट मिळतात असं धरा. भरलेल्या सिलिंडरला ८० वॉट मिळवायला हवेपेक्षा २४ अंश थंड व्हावं लागतं. तीन किलोवाल्याला ५४ अंश. हवा १५° असेल तर तो उणे ३९° पर्यंत उतरायला बघतो.

प्रोपेन उणे ४२° ला उकळतो. त्याच्या जवळ पोचलात की दाबच उरत नाही. आतला दाब, वातावरणाचा दाब वजा करून, असा असतो:

३०° ला ९.८ बार
१५° ला सुमारे ६.३ बार
०° ला ३.७ बार
उणे २०° ला १.४ बार
उणे ३०° ला ०.७ बार
उणे ४०° ला ०.१ बार

कमी दाबाच्या रेग्युलेटरला पुढे ३७ मिलिबार पूर्ण प्रवाहाने द्यायचे तर मागे अर्धा बार तरी हवा. उणे ३०° च्या खाली गेलात की ज्योत बसली.

भरलेला सिलिंडर तीन तास टिकतो त्याला आणखी एक कारण आहे: साठवलेली उष्णता. १० किलो द्रव आणि तेवढंच लोखंड मिळून एक अंश थंड व्हायला ३० किलोज्यूल सोडतात. बर्नरची गरज ताशी २९० किलोज्यूल. हवेतून काहीच आलं नाही तरी तासाला दहाएक अंशच उतरेल. तीन किलोवर हाच साठा साधारण चाळीस टक्के राहतो. बंद ठेवल्यावर पुन्हा चालतो तो याचमुळे. मधल्या वेळात सिलिंडर हवेतून उष्णता परत मिळवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: घोंगडं मुळीच नको. थर्मासमध्ये ठेवलेली वस्तू बाहेरून तापत नाही, तसाच घोंगड्यातला सिलिंडरही. उष्णता बाहेरून आत यायला हवी आणि आपण तीच वाट बंद करतो. जमलेला बर्फसुद्धा काही प्रमाणात हेच करतो.

खरा इलाज म्हणजे दोन सिलिंडर जोडनळीने एकत्र जोडून दोन्ही एकाच वेळी उघडे ठेवणं. प्रत्येकावर ४० वॉटचा भार येतो. दोन्हींत तीन-तीन किलो उरले तरी तापमान उणे १२-१५° च्या आसपास थांबतं आणि दाब दोन बारच्या घरात राहतो. नाहीतर मोठ्या आकाराचा सिलिंडर घ्या.

---

झडपवाला

वरचा हिशेब बरोबर. पण मंद ज्योतीची इतरही कारणं असतात आणि ती आधी वगळलेली बरी. ओळखायची खूण: सिलिंडरवर बर्फ नाही, तरी पेटवल्या क्षणापासून ज्योत इवलीशी असेल तर थंडीचा संबंध नाही.

बऱ्याच जोडण्यांमध्ये जादा प्रवाह रोखणारी झडप असते. नळी तुटली तर गॅस सुसाट जाऊ नये म्हणून ती मिटते आणि फक्त बारीकशी धार सोडते. बर्नरचा कॉक उघडा ठेवून सिलिंडरची झडप झटक्यात फिरवली तर रिकाम्या नळीत गॅस धावतो, झडपेला नळी तुटली असं वाटतं आणि ती मिटते. उपाय: बर्नर बंद, सिलिंडर बंद, जोडणी काढून एक-दोन मिनिटं थांबा, पुन्हा जोडा. आता बर्नर बंद ठेवूनच सिलिंडरची झडप अगदी सावकाश उघडा, पाच-दहा सेकंद थांबा आणि मग बर्नर. नव्या रेग्युलेटरबद्दलच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

रेग्युलेटरच्या झाकणावर एक बारीक भोक असतं. डायफ्रामला, म्हणजे आतल्या लवचीक पडद्याला, बाहेरची हवा मिळावी म्हणून ते ठेवलेलं असतं. त्यात चिखल, कीटकाचं घर किंवा बर्फ बसला की दाब वाटेल तसा वरखाली होतो. हे भोक जमिनीकडे तोंड करून ठेवावं. रेग्युलेटर सिलिंडरच्या तोंडापेक्षा थोडं उंच असावं आणि नळीचा उतार सिलिंडरकडे असावा, म्हणजे थंडीत नळीत वाफ थिजून द्रव झालाच तर तो मागे परततो. नळीतून निघणारा तेलकट, पिवळसर चिकटा रेग्युलेटरमध्ये पोचू नये म्हणूनही हाच उतार उपयोगी. तो चिकटा आतल्या सीटवर (गॅस अडवणारी झडप जिथे टेकते तिथे) बसला की बर्नर बंद असताना दाब हळूहळू चढत राहतो आणि पेटवताना भपका येतो. असं रेग्युलेटर उघडून साफ करत बसू नका, टाकून द्या.

एका फसवणुकीपासून सावध: सिलिंडर आपोआप बदलणारं रेग्युलेटर. दोन सिलिंडर लावले म्हणजे भार वाटला गेला असं वाटतं. ते आधी एकाच सिलिंडरमधून ओढतं, त्याचा दाब पडला की दुसऱ्याकडे वळतं आणि लाल खूण दाखवतं. पहिला नुसता गारठलेला असतो, पण लोक रिकामा समजून परत करतात. तुमच्या कामाला साधी जोडनळी हवी, दोन्ही बाजूंना एकदिशा झडप असलेली.

जोडणीबद्दल इतकंच: बऱ्याच प्रोपेन जोडण्यांना उलटे आटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने आवळायचं. जिथे रबरी वॉशर किंवा धातूवर धातू बसून गळती थांबते तिथे टेफ्लॉन टेप लावायची नाही. टेपचे तुकडे आत जाऊन जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, अडकतात आणि जोडणीही नीट बसत नाही. टेप फक्त निमुळत्या आट्यांवर, तीही गॅससाठीची.

आणि प्रत्येक वेळी सिलिंडर बदलला की साबणाचं पाणी. निम्मं पाणी, निम्मा भांडी घासायचा द्रव साबण, ब्रशने. झडपेच्या दांड्याभोवतीही लावा, तिथली गळती हमखास नजरेतून सुटते. फुगा एक मिनिटाने दिसला तरी ती गळतीच.

---

शंकासुर

दोघांचेही आभार. गरम पाण्याचं राहिलं. आणि शिल्लक किती हे वजनाशिवाय कसं कळेल? दाबाचं मीटर लावलं तर?

---

वाफारा

मीटर शिल्लक सांगत नाही. आत थेंबभर द्रव असेपर्यंत दाब तापमानावर ठरतो, प्रमाणावर नाही. वरचा तक्ता १० किलोलाही तोच आणि अर्ध्या किलोलाही तोच. मीटर खाली येऊ लागलं तर दोनच अर्थ: सिलिंडर गारठतोय किंवा द्रव संपला. त्यामुळे तुमच्या कामात मीटर वाया जाणार नाही, फक्त तो थर्मामीटर समजून वाचायचा.

शिल्लक पाहायची तर वजनकाटाच. सिलिंडरच्या मानेवर रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वजा करा. घाईत असाल तर पत्र्यावरून पेलाभर कोमट पाणी वरून खाली सोडा आणि लगेच हात फिरवा. जिथून खाली पत्रा एकदम गार लागतो तिथे द्रवाची पातळी. चालू सिलिंडरवर दव धरलं असेल तर त्याची वरची कड आयती तेच दाखवते.

पाणी: उकळतं ओतायचं नाही. कोमट पाण्याची परात चालेल, खरं तर साधं नळाचं पाणीसुद्धा पुरतं. १० लिटर पाणी २५° वरून १५° ला आलं तर ४१९ किलोज्यूल देतं, तुमच्या बर्नरच्या सव्वा तासाहून जास्त गरज.

---

झडपवाला

परातीला माझा अर्धाच होकार. पाणी १०-१२ सेंटिमीटरपेक्षा खोल नको. सिलिंडर हलका होत गेला की खोल पाण्यात तरंगायला लागतो आणि कलंडतो. आडवा पडलेला सिलिंडर वाफेऐवजी द्रव बाहेर सोडतो. द्रवाचा एक लिटर म्हणजे सुमारे २७० लिटर गॅस, कमी दाबाचं रेग्युलेटर ते सांभाळू शकत नाही आणि बर्नरवर मशाल होते. शिवाय रोज पाण्यात उभा राहिला तर तळाची कड गंजते, आणि गंज तिथेच असतो जिथे कोणी पाहत नाही. अडचणीला एकदा ठीक, रोजची पद्धत म्हणून नाही.

ज्योत, हीट गन, वाफेची नळी यांतलं काहीही सिलिंडरला लावायचं नाही. सुरक्षा झडप साधारण २५-२६ बारला उघडते, म्हणजे आतला द्रव ७०° च्या आसपास पोचला की. तेव्हा सुटणारा गॅस शेजारच्या ज्योतीपर्यंत जाणारच.

८० टक्क्यांच्या वर सिलिंडर भरत नाहीत तेही याच कारणासाठी. १५° ला ८० टक्के असलेला द्रव ५०° ला फुगून ९० टक्क्यांवर जातो. वर वाफेला जागाच उरली नाही तर द्रव थेट सुरक्षा झडपेतून बाहेर येतो.

---

जेटनंबर

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेलं नाही, तर आधी जनरेटर. २ किलोवॅटचा जनरेटर म्हणजे २ किलोवॅटचा भार असं धरून चालू नका. लहान इंजिन इंधनातली जेमतेम पाचवा भाग ऊर्जा विजेत उतरवतं. पूर्ण भारावर त्याला १० किलोवॅटचा गॅस लागेल, म्हणजे ताशी पुन्हा ०.७८ किलो. तुमच्या बर्नरइतकाच. गारठ्याचा सगळा हिशेब जसाच्या तसा लागू, आणि बर्नर मंद होतो तसं इंजिन मंद होत नाही, ते धडपडून बंद पडतं. दोन्ही एकदम चालवायचे असतील तर चार सिलिंडर तरी जोडा. पेट्रोलवरून बदललेल्या इंजिनाची ताकद प्रोपेनवर दहाएक टक्के कमी मिळते. फायदा असा की प्रोपेन साठवणीत शिळा होत नाही आणि कार्ब्युरेटरमध्ये गोंद धरत नाही. वर्षातून चारदा लागणाऱ्या जनरेटरला हे पेट्रोलपेक्षा कितीतरी बरं.

खोलीतला हीटर हा मात्र वेगळा विषय आहे आणि तिथे माझं मत कडक आहे. धुराड्याशिवायचा हीटर झोपायच्या खोलीत नको. एक किलो प्रोपेन नीट जळायला किमान १३ घनमीटर हवा खातो आणि तीन किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. ३ किलोवॅटचा हीटर ताशी २३० ग्रॅम जाळतो, म्हणजे तीन घनमीटर हवा. बंद खोलीत ऑक्सिजन कमी झाला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो, आणि त्याला वास नाही. शिवाय एका किलोमागे १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपाने खोलीत जातं. भिंतींना ओल आणि खिडक्यांवर थेंब येतात ते त्यामुळे. हीटर घ्यायचाच तर बाहेरून हवा घेणारा आणि बाहेरच धूर सोडणारा घ्या, सिलिंडर बाहेर ठेवा.

दोन अलार्म लावा आणि दोघांच्या जागा अदलाबदल करू नका. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर. कार्बन मोनॉक्साइडचा श्वासाच्या उंचीला. सिलिंडर तळघरात, खड्ड्यात किंवा गटाराच्या तोंडाजवळ ठेवायचा नाही. हवेत २.१ टक्के प्रोपेन झाला की तो पेट घेऊ शकतो. गळतीला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा; प्रोपेनला स्वतःचा जवळपास वास नसतो. नव्या कोऱ्या किंवा आतून गंजलेल्या सिलिंडरमध्ये तो वास पत्र्यात मुरून फिका पडतो, म्हणून नाकावर सगळी भिस्त नको.

बर्नरबद्दलही दोन गोष्टी. ज्योत पिवळी आणि पातेलं काळं पडत असेल तर गॅस कमी नाही, हवा कमी आहे. जेटच्या मागची हवेची चकती थोडी उघडा, मिश्रणनळीत कोळ्याचं जाळं आहे का पाहा. बर्नर महिनाभर पडून राहिला असेल तर हमखास असतं. उलट ज्योत बर्नरपासून सुटून फडफडत असेल तर हवा किंवा दाब जास्त आहे. आणि सिलिंडर गारठून दाब पडला की ज्योत कधीकधी मागे सरकून नळीच्या आत जेटपाशी जळते, फुसफुस आवाज येतो, बर्नरचा दांडा तापतो. तेव्हा लगेच कॉक बंद. तशीच चालू ठेवली तर जेट आणि कॉक दोन्ही जातात.

पाइपच्या नैसर्गिक वायूसाठीची शेगडी प्रोपेनवर सरळ जोडू नका. एका घनमीटर प्रोपेनमध्ये नैसर्गिक वायूच्या अडीचपट ऊर्जा असते, त्यामुळे जेटचं भोक लहान हवं. न बदलता लावली तर लांबलचक पिवळी ज्योत, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. जेट कंपनीनेच दिलेला बसवा. जुन्या जेटमध्ये तार भरून भोक लहान करणारे असतात, त्यांना दुरून नमस्कार.

---

कॉम्प्रेसर

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. काही नव्या फ्रिजच्या मागे आर-२९० लिहिलेलं असतं, तोही प्रोपेनच. तिथे तो जळत नाही, शीतक म्हणून फिरतो, घरगुती फ्रिजमध्ये १५० ग्रॅमच्या आत. सिलिंडरमधला प्रोपेन फ्रिजमध्ये भरण्याचा सल्ला काही ठिकाणी दिसतो. भरू नका. इंधनाच्या प्रोपेनमध्ये ओलावा, मर्कॅप्टन आणि इतर हायड्रोकार्बन असतात. ओलावा केशनळीच्या (शीतक ज्या अगदी बारीक नळीतून जातो तिच्या) टोकाशी गोठतो आणि फ्रिज अधूनमधून गार करणं सोडतो. शिवाय प्रोपेनसाठी न बनवलेल्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅटची ठिणगी गळतीच्या वाटेत असू शकते.

ज्योतीवर चालणारा फ्रिज वेगळाच प्रकार. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात, प्रोपेनची लहानशी ज्योत त्यांना फक्त तापवते. दिवसाला पाव ते अर्धा किलो लागतो. एवढ्या मंद वापराला सिलिंडर कधी गारठत नाही, तेव्हा शंकासुर यांच्या तीन किलोच्या उरलेल्या सिलिंडरला हे चांगलं काम आहे. फ्रिज मात्र समतल उभा हवा. कलला की आतला प्रवाह अडतो आणि मागची नळी तापत राहते, आतलं काही गार होत नाही.

---

शंकासुर

म्हणजे मोठ्या बर्नरवरून उतरलेला सिलिंडर लहान शेगडीला लावला तरी चालेल? आणि प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण मिळालं तर?

---

वाफारा

लहान शेगडीला नक्की लावा. अडीच किलोवॅटचा बर्नर ताशी १९५ ग्रॅम घेतो, वाफेसाठी २० वॉट पुरतात. तीन किलोवर १३-१४ अंशांचाच फरक लागेल आणि पंधरा तास चालेल.

मिश्रणाचा स्वभाव थोडा लबाड असतो. ब्युटेन ०° च्या जरा खाली उकळतो. वाफ वरून काढत गेलात की प्रोपेन आधी निघून जातो आणि शेवटी तळाशी ब्युटेन जास्त उरतो. सुरुवातीला सिलिंडर जोरात, शेवटी थंडीत ढिम्म. तुमच्या १० अंशांच्या हवेत मोठा बर्नर मिश्रणावर चालवला तर तीन किलोपेक्षा बराच आधी बसेल. थंड हवेत मोठ्या भाराला निव्वळ प्रोपेन. उबदार हवेत, लहान शेगडीला मिश्रण चालतं. रेग्युलेटर आणि जेट दोन्ही कशासाठी आहेत ते त्यांच्यावर कोरलेलं असतं, सिलिंडर बदलताना तेवढं वाचून घ्या.